विचारलं, लिहून घेतलं, पुढे काय?

माझी वहिनी आशा वर्कर आहे, पश्चिम विदर्भातल्या एका छोट्या गावात, बारा-तेरा वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यात ती तिशीच्या पुढच्या लोकांचे सीबॅक फॉर्म भरत फिरत होती, म्हणजे बीपी-शुगर-कॅन्सरचा धोका कुणाला आहे ते आधीच कळावं म्हणून जो फॉर्म असतो तो, तंबाखू खाता का, कमरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर आहे का वगैरे. त्याच फॉर्ममध्ये शेवटी मनाबद्दल दोन प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच मन लागत नाही असं झालं का, आणि उदास, निराश वाटत होतं का. एका घरी चाळिशीच्या आसपासच्या एका बाईने दोन्हीला "हो, रोजच" म्हटलं, आणि जी रडायला लागली ती थांबेचना. वहिनीने फॉर्मवर आकडा टाकला, तिला पाणी दिलं, "ताई, मी डॉक्टरांशी बोलते" म्हणाली, आणि संध्याकाळी घरी येऊन मला विचारलं, भाऊजी, आता हिला मी नेऊ कुठे?

पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, नेलं तर काय होईल ते वहिनीला माहीत होतं. "अशक्तपणा आहे" म्हणून सलाईन, बी-कॉम्प्लेक्स, फार तर झोपेची गोळी. डॉक्टर वाईट आहे म्हणून नाही, ओपीडीत शंभर लोक उभे असतात आणि त्याला हे कुणी नीट शिकवलेलंच नसतं. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी महिन्यातून ठरलेल्या एका दिवशी, तीही टीम आली तर. जिल्ह्याला जायचं तर एसटीने दीड-दोन तास, एका दिवसाची मजुरी बुडाली, आणि सोबत यायला नवऱ्याला कारण काय सांगायचं? "डोक्याच्या डॉक्टरकडे जाते" असं सांगितलं तर गावात उद्यापासून ती वेडी ठरणार.

आपल्याकडे या विषयावर चर्चा झाली की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, मानसोपचारतज्ज्ञ कमी आहेत. खरंच कमी आहेत, देशात लाखामागे एकसुद्धा नाही आणि असलेले बहुतेक शहरात. पण मला आता ठामपणे वाटतं की निव्वळ हे वाक्य म्हणत राहिल्यामुळेच आपण अडकलोय, कारण एकदा तज्ज्ञ नाहीत म्हटलं की सगळे हात झटकायला मोकळे. गावात मनाचा दवाखाना उभा राहायला आधी तिथे रोज दिसणारं, नीट शिकवलेलं, पगार मिळणारं माणूस लागतं, त्या माणसाच्या मागे दर आठवड्याला उभं राहणारं कुणीतरी लागतं, आणि पीएचसीच्या कपाटात गोळी लागते. यातलं एक जरी नसलं तरी वहिनीचा फॉर्म हा नुसता फॉर्मच राहतो.

जरा हिशोब करून बघा. २०१५-१६ मध्ये निम्हान्सने, म्हणजे बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने, १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, त्यात महाराष्ट्र नव्हता, पण आकडा सगळ्यांनी बघावा असा आहे: १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचार मिळतच नव्हते. गावात प्रमाण कमी असेल असं समजून आपण शंभरात सातच धरू. सपाटीवरची पीएचसी ३० हजार लोकांमागे एक, त्यात प्रौढ साधारण २० हजार, म्हणजे एका पीएचसीत चौदाशे माणसं. १५ लाख ग्रामीण वस्तीच्या जिल्ह्यात अशा पन्नास पीएचसी, म्हणजे ७० हजार. आता जिल्ह्याला एक सरकारी मानसोपचारतज्ज्ञ आहे असं माना, तो रोज ४० पेशंट बघतो, वर्षात २५० दिवस. झाल्या १० हजार भेटी. आणि प्रत्येक पेशंटला एकदाच भेटून भागत नाही, किमान पाच-सहा वेळा यावं लागतं. उद्या त्याच्या जागी चार तज्ज्ञ बसवले तरी हे गणित सुटत नाही. तज्ज्ञ हवाच, पण त्याचा वेळ सगळ्यात अवघड पेशंटसाठी आणि खालच्यांना शिकवण्यासाठी वापरायला हवा, आणि आपण तो कुठे वापरतो तर सर्टिफिकेटं देण्यात आणि शिबिरांत भाषणं देण्यात.

हे काही नवीन ज्ञान नाही, हेच तर दुःख आहे. राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात निम्हान्सच्या लोकांनी ऐंशीच्या दशकातच पीएचसीच्या डॉक्टरांना आणि आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून दाखवलं की फिट, स्किझोफ्रेनिया, डिप्रेशन हे गावपातळीवर सांभाळता येतं. त्यावरच १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला. म्हणजे मूळ कल्पना होती की काम खाली, पीएचसीत व्हावं. प्रत्यक्षात झालं काय, तर बऱ्याच ठिकाणी हा कार्यक्रम म्हणजे जिल्हा रुग्णालयातली एक खोली, एक गाडी, आणि १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाची रॅली. सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर, नर्स ही पदं कंत्राटी, माणूस येतो, काम शिकतो, दुसरीकडे बरा पगार मिळाला की जातो.

आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यात तर हा विषय थेट जीवाशी आहे. २०२२ मध्ये राज्यात शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८ जणांनी जीव दिला, देशात सगळ्यात जास्त. माणूस गेल्यावर आपल्याकडे केवढी यंत्रणा जागी होते ते गावातल्या प्रत्येकाने पाहिलंय, पोलीस पंचनामा करतात, तलाठी येतो, सातबारा बघतात, कर्ज बँकेचं की सावकाराचं ते तपासतात, मग जिल्ह्याची समिती बसते आणि ठरवते की ही आत्महत्या पात्र की अपात्र, पात्र ठरली तर १ लाख. माणूस जिवंत असताना, दोन महिने झोपत नसताना, वावरात जाणं सोडून दिवसभर खाटेवर पडून असताना मात्र त्याच्या दारात एकही सरकारी माणूस या कारणासाठी येत नाही. २०१५ मध्ये सरकारने १४ जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प काढला, आशांनी घरोघर प्रश्नावली भरायची, तणावात असलेला शेतकरी हुडकायचा आणि पुढे पाठवायचा. कल्पना चांगलीच होती. पण पुन्हा तेच, हुडकायला आशा, आणि हुडकल्यावर जिल्ह्यापर्यंत मधे मोकळं रान.

आता कुणी म्हणेल की अर्धवट शिकलेल्या माणसांच्या हातात मनासारखी नाजूक गोष्ट कशी द्यायची? हा आक्षेप मी काही मानसोपचारतज्ज्ञांकडूनही ऐकलाय आणि त्यांची भीती खोटी नाही, भोंदू समुपदेशकांचा सुळसुळाट आपण बघतोच आहोत. पण महाराष्ट्राने या प्रश्नाचं उत्तर फार पूर्वी दिलंय. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे जामखेडला गेले, गावातल्याच बायका घेतल्या, बऱ्याच निरक्षर, त्यात दलित बायकाही, आणि त्यांना आरोग्यसेविका केलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांत गावच्याच बायांना नवजात बाळाचा श्वास मोजायला, न्यूमोनिया ओळखायला, गरज पडली तर इंजेक्शन द्यायलासुद्धा शिकवलं. त्या वेळीही डॉक्टर मंडळी म्हणालीच की हे धोक्याचं आहे. नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरलं आणि १९९९ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आज आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्या तिथूनच आल्यात. इंजेक्शन देणारी बाई चालते तर धीराने ऐकणारी का नाही चालणार?

पण या दोन्ही ठिकाणची खरी गोष्ट लोक विसरतात. तिथे बायकांना एकदा बोलावून, शिकवून, सर्टिफिकेट देऊन घरी पाठवलं नव्हतं. जामखेडच्या सेविका पुन्हापुन्हा केंद्रावर यायच्या, आपापल्या गावातल्या केस सांगायच्या, एकमेकींचं ऐकून शिकायच्या. गडचिरोलीत वरचा माणूस नियमित गावात येऊन नोंदी तपासायचा, चुकलं तर तिथेच सांगायचा. शिक्षण चालूच होतं, वर्षानुवर्षं.

मनाच्या बाबतीत हेच शेजारच्या गोव्यात झालं. संगथ संस्थेने मानसोपचाराचं कसलंही आधीचं शिक्षण नसलेली स्थानिक माणसं घेतली, काही आठवडे शिकवलं, आणि १० पीएचसींमध्ये डिप्रेशनच्या पेशंटशी सहा ते आठ वेळा बसून बोलायला लावलं. बोलणं म्हणजे उपदेश नाही हं. माणूस उदास झाला की एकेक काम सोडत जातो, भजनाला जात नाही, शेजारणीकडे बसत नाही, आणि जितकं सोडतो तितका अजून खचतो, तर त्या घसरणीला उलटं फिरवायचं, आज एक छोटं काम, उद्या दुसरं, आणि जो प्रश्न सुटण्यासारखा आहे तो दोघांनी बसून सोडवायचा. तीन महिन्यांनी या लोकांतले ६४ टक्के डिप्रेशनमधून बाहेर आले होते, ज्यांना हे मिळालं नाही त्यांच्यात ३९ टक्के. यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे समुपदेशक आपलं बोलणं पेशंटच्या परवानगीने रेकॉर्ड करायचे आणि दर आठवड्याला एकत्र बसून एकमेकांची रेकॉर्डिंग ऐकून मार्क द्यायचे. इथे तू घाई केलीस, इथे तू तिला बोलू दिलं नाहीस. मी वहिनीला हे सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या मीटिंगमध्ये फक्त आकडे विचारतात, किती फॉर्म झाले, किती ऑनलाइन चढवले.

आणि गोवा म्हणजे लहान राज्य, शिकलेले लोक, आमच्याकडे कसं होणार, असंही म्हणायची सोय नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत विश्राम नावाचा प्रकल्प झाला, गावातलेच कार्यकर्ते, मधे समुपदेशक, वर तज्ज्ञ. सुरुवातीला डिप्रेशन असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांनी कुठली मदत घेतली होती, दीड वर्षात ते २७ वर गेलं. कापूस-सोयाबीनच्या पट्ट्यात, आपल्याच लोकांत. नाशिकच्या गावांत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या मानसिक आरोग्य कायदा आणि धोरण केंद्राने आत्मीयता नावाने असंच काम केलं, आणि त्यात एक शहाणपणाची गोष्ट होती, की गावातला कार्यकर्ता नुसतं ऐकून घेत नाही, निराधार योजनेचा अर्ज भरायला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढायला, पेन्शन अडकली असेल तर ती सोडवायलाही मदत करतो. कारण बऱ्याचदा बाईचं रडणं आणि अडकलेलं रेशन या दोन वेगळ्या गोष्टी नसतात.

यावरून आमच्याकडचा सगळ्यात मोठा आक्षेप येतो, आणि तो मी मनापासून ऐकतो. पारावर बसलेला कुणीही कास्तकार म्हणेल, आम्हाला समुपदेशन कशाला, कापसाला भाव द्या, झोप आपोआप लागेल. बरोबर आहे. ज्याचं सोयाबीन खर्चाइतक्याही पैशात गेलं नाही त्याला "दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा" म्हणणं हा अपमान आहे, आणि सरकारने भावाच्या जागी समुपदेशक पुढे केला तर आपण सगळ्यांनी ओरडायला हवं. पण भाव मिळाला म्हणून स्किझोफ्रेनिया जात नाही. भाव मिळाला म्हणून बाळंतपणानंतर विहिरीकडे बघत बसणाऱ्या पोरीचं मन आपोआप ठीक होत नाही. आणि दारूचं तर उलटंच, कापूस विकला की पहिले पैसे कुठे जातात ते घरच्या बाईला विचारा. शिवाय तोच भाव, तेच कर्ज असलेल्या दहा जणांतला एकच कोसळतो, त्या एकाला त्या आठवड्यात माणूस हवं असतं. तो आठवडा निघून गेला की बऱ्याचदा पुढचा हंगामही तो बघतो.

आता गोळीचं. हे मी घरचं सांगतो. माझा चुलत भाऊ बाविसाव्या वर्षी आजारी पडला, कानात आवाज यायचे, आई जेवणात काहीतरी कालवते असं वाटायचं, रात्र रात्र अंगणात फिरायचा. दोन वर्षं आम्ही देवऋषी केले, बाहेरचं काढलं, करणी कुणी केली ते शोधलं, त्यात काकाची दोन एकर गेली. शेवटी एका ओळखीच्या नर्सने डॉक्टरकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, आणि चार महिन्यांत पोरगा बैलजोडी हाकायला लागला. पण गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळायच्या आणि तिथे कधी असायच्या, कधी "बाहेरून घ्या". काकाने एकदा पैसे नाहीत म्हणून दोन महिने थांबवलं, पोराला आता बरंच आहे ना म्हणून. पोरगा पुन्हा पहिल्या दिवसावर. असं तीनदा झालं. ओलांझापिन, रिस्पेरिडोन, डिप्रेशनवरची फ्लुऑक्सेटिन या काही महागड्या परदेशी गोळ्या नाहीत, जुन्या, स्वस्त, जेनेरिक आहेत. बीपीची गोळी संपली तर पीएचसीत आरडाओरड होते, ही संपली तर कुणी बोलत नाही, कारण ज्याला लागते तो भांडायच्या अवस्थेत नसतो आणि घरच्यांना चारचौघात नाव काढायची लाज वाटते.

देवऋषीकडे जाणाऱ्यांना मी आता नावं ठेवत नाही. रात्री दोन वाजता उघडं असलेलं, जवळचं, ओळखीचं, आपल्या भाषेत बोलणारं असं तेच एक दार असतं. गुजरातमध्ये उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यावर दवा आणि दुआ अशी जोड घातली, मुजावरांना शिकवलं, शेजारी डॉक्टर बसवला, दोन्ही चालू राहिलं. आपल्याकडे बुलढाण्यातल्या सैलानी दर्ग्याला आणि इतर ठिकाणी अशी किती कुटुंबं येतात, तिथे कायमचा डॉक्टर आणि गोळ्या असायलाच हव्यात. साखळदंड, मारहाण याला मात्र माफी नाही, २००१ मध्ये तमिळनाडूत एरवाडीला आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली माणसं पळूही शकली नाहीत, २८ जण गेले.

कायदा काय म्हणतो हे फार कमी लोकांना माहीत आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा, २९ मे २०१८ पासून लागू. त्यात लिहिलंय की अशा माणसाला उपचारासाठी लांबचा प्रवास करायला लागू नये. आवश्यक औषधं सरकारी दवाखान्यात, ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे, कायम आणि फुकट मिळाली पाहिजेत. सरकारी आरोग्य सेवेतल्या प्रत्येक मेडिकल ऑफिसरला प्राथमिक आणि तातडीच्या मानसोपचाराचं प्रशिक्षण दिलं पाहिजे. आणि कायदा लागू झाल्यापासून दहा वर्षांत लोकसंख्येच्या मानाने पुरेसे तज्ज्ञ तयार करायचा प्रयत्न सरकारने करायचा आहे. दहा वर्षं म्हणजे मे २०२८. किती उरली ते तुम्हीच मोजा. एमबीबीएसला मात्र मानसोपचाराचा आजही वेगळा पेपर नाही, दोन-चार आठवड्यांची पोस्टिंग, आणि परीक्षेला वेगळा विषय नाही म्हटल्यावर पोरं त्या आठवड्यांत पीजीचा अभ्यास करतात. तो पेपर आणा, हे एक काम केलं तरी दहा वर्षांनी प्रत्येक पीएचसीतला डॉक्टर वेगळा असेल.

टेली मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, २०२२ पासून, फुकट, मराठीतही बोलतात, आणि तो नंबर प्रत्येकाने मोबाईलमध्ये ठेवावा, रात्रीबेरात्री खरंच कामाचा आहे. पण ज्या घरात एकच फोन आणि तो नवऱ्याच्या खिशात, त्या घरातल्या बाईसाठी तो पुरत नाही.

मग हे काम कुणी करायचं? सगळं आशांवर टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. २०२४ च्या सुरुवातीला याच बायका मोबदल्यासाठी आझाद मैदानात ठाण मांडून होत्या. त्यांच्या यादीत कामं किती आहेत ते बघा आणि वर "आता मन पण बघा" म्हणा, हे बरोबर नाही. आशाने ओळखावं, कारण ती बाळंतिणीच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात वेळा जातेच, तिथे ते दोन प्रश्न विचारले तर कितीतरी पोरी वेळेत सापडतील. पण ऐकायचं काम उपकेंद्राला एका वेगळ्या माणसाचं असावं, गावातलंच, पक्क्या मानधनाचं, आणि शक्य तिथे एक बाई आणि एक पुरुष, कारण पन्नाशीचा पुरुष आशाताईसमोर रडणार नाही आणि दारूबद्दल तर खरं बोलणारच नाही. त्यांना आठवड्यातून एकदा समुदाय आरोग्य अधिकारी किंवा जिल्ह्याचा सायकॉलॉजिस्ट भेटावा, फोनवर का होईना, आणि केस ऐकाव्यात. कुठल्या पेशंटला थेट वर पाठवायचं याची यादी भिंतीवर असावी, जीव द्यायचे विचार, आवाज ऐकू येणं, फिट, खाणंपिणं सोडलेली बाळंतीण. गोळी लिहायचं काम डॉक्टरचंच. आणि त्यांचं मन कोण सांभाळणार हेही बघा, रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणारं माणूस आतून रिकामं होतं, वहिनी त्या दिवशी जेवली नव्हती.

ती बाई सध्या बरी आहे असं मी म्हणणार नाही. वहिनी दर गुरुवारी भाजी घ्यायच्या निमित्ताने तिच्याकडे जाते, पंधरा-वीस मिनिटं बसते, याचा कुठल्याही रजिस्टरला रकाना नाही. दोनदा तिला घेऊन तालुक्यालाही गेली, एकदा टीम आली नव्हती, दुसऱ्यांदा पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. आमच्या पीएचसीच्या रुग्ण कल्याण समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. मी एका कागदावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत, फ्लुऑक्सेटिनचा साठा किती आहे, मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण इथल्या डॉक्टरांनी कधी घेतलं, आणि सीबॅक फॉर्ममध्ये दोन्हीला हो म्हणालेल्या किती जणांना नंतर कुणी भेटलं. उत्तरं लेखी मागणार आहे.